भातामागून वाल

श्रावण महिना लागला म्हणजे ठाण्याच्या व कल्याणच्या जुन्या वस्तींतील घराघरांतून वालाचें बिरडें शिजूं लागतें. वाल रात्रभर भिजवावे, फडक्यांत बांधून त्यांस मोड आणावे, कोमट पाण्यांत टाकून एकेक दाणा सोलावा आणि नारळाच्या रसांत हलक्या हातानें शिजवावा, हा खटाटोप गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या कंटाळा न करतां करीत आल्या आहेत. हे वाल कोणत्या जमिनींत वाढले आणि त्यांस खत काय घातलें, असा प्रश्न स्वयंपाकघरांत कोणी विचारीत नाहीं. शेताच्या बांधावर उभें राहून तो विचारला, तर मात्र उत्तर विलक्षण मिळतें. खत म्हणून त्यांस बहुधा कांहींच घातलेलें नसतें.

ठाणें जिल्ह्यांतील शेती मुख्यत्वें भाताची. पावसाळ्याचे चार महिने खाचरांत पाणी तुंबलेलें असतें. दिवाळीच्या सुमारास भात कापून झालें कीं जमिनींत जी ओल उरते तिच्यावर वाल, हरभरा यांसारखीं कडधान्यें पेरावयाचीं, ही येथील जुनी वहिवाट. १८८२ सालीं सरकारनें प्रसिद्ध केलेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही भात आणि त्यामागून येणारीं हीं पिकें यांचें वर्णन आढळतें. वालास पाऊस मिळत नाहीं, पाटाचें पाणी मिळत नाहीं. जमिनीची ओल आणि रात्रीचें दंव एवढ्या भांडवलावर तो माघ-फाल्गुनापर्यंत तग धरतो आणि शेंगांनीं लगडून जातो. आणि नवल असें कीं, पुढील वर्षीं त्याच खाचरांत भात लावलें तर तें वालामुळें हटत नाहीं. भातासाठीं जो शेतकरी शेणाची पाटीन्‌पाटी जपून ठेवतो, त्याच शेतकऱ्यास तीच जमीन दुसरें पीक जवळजवळ फुकट कां देते? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. युरोपांतील मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ त्याच्याशीं दीर्घकाळ झुंजत होते. आणि त्या झुंजीचे एकदोन धागे थेट ठाणें जिल्ह्याच्या मातींत येऊन पोंचतात.

पैकीं पहिला धागा राबाचा. भाताचें रोप ज्या लहानशा जागेंत तयार करावयाचें, तिच्यावर चैत्र-वैशाखांत शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरावयाचे, वर थोडी माती भुरभुरावयाची आणि तो ढीग सावकाश धुमसत जाळावयाचा, यास राब भाजणें म्हणतात. ऐनाचे टहाळे या कामीं विशेष पसंत. परंतु ऐन वाढतो रानांत, आणि १८७८ च्या जंगल कायद्यानें रान सरकारच्या ताब्यांत अधिकच घट्ट गेलें. टहाळे तोडण्याचा हक्क कोणाचा व कोठवर, यावरून ठाणें जिल्ह्यांत व शेजारच्या कुलाब्यांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, एवढी तक्रार माजली कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशीसाठीं कमिशन बसवावें लागलें. त्याचें काम १८८७ पर्यंत चाललें. राब ही अडाणीपणाची चाल असून तिच्यापायीं रान उजाड होतें, असा एका पक्षाचा रोख. राबावांचून रोप उठत नाहीं, असें शेतकऱ्याचें सांगणें. वरवर पाहतां रसायनशास्त्र पहिल्या पक्षास अनुकूल होतें. शेण व पाला जाळला कीं त्यांतील नत्र धुरावाटे उडून जातें आणि मागें केवळ राख उरते, हें कोणासही प्रयोगशाळेंत सिद्ध करून दाखवितां येण्यासारखें होतें. अडाण्याच्या अनुभवासमोर तराजू ठेवला म्हणजे तराजूचाच शब्द प्रमाण मानला जातो.

पुढें इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हे १८८९ मध्यें हिंदुस्थानांतील शेतीची पाहणी करण्यास आले. १८९३ सालीं छापून निघालेल्या त्यांच्या अहवालांत राबाचीही चर्चा आहे, आणि येथील शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, कांहीं बाबतींत तर सरसच आहे, असा स्पष्ट अभिप्राय आहे. कडधान्यें व तृणधान्यें एकत्र किंवा आळीपाळीनें पेरण्याची चाल, तिचें कारण पाश्चात्त्य शास्त्रास कळण्याच्या फार आधीं या देशांत रुळलेली होती, हेंही त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. साहेबानें शहाणा म्हटल्यानें शेतकरी शहाणा ठरतो असें मुळींच नव्हे; पण ज्या काळीं त्यास ऊठसूट अडाणी म्हणण्याची रीत होती, त्या काळीं हा अभिप्राय सरकारी अहवालांत यावा, ही गोष्ट लहान नाहीं.

राबाचें कोडें अखेर पुण्याच्या शेतकी कॉलेजांत हातीं घेतलें गेलें. तेथील प्रिन्सिपाल डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनीं १९१२ सालीं राबपद्धतीवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण राखेचा कीं आंचेचा, हा वादाचा मुख्य मुद्दा. थोडेंच आधीं, १९०९ मध्यें, इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं असें दाखविलें होतें कीं, माती तापविली म्हणजे तिच्यांतील सूक्ष्म जीवांचा तोल बदलतो आणि मातींत अडकून राहिलेलें नत्र अमोनियाच्या रूपानें अधिक मोकळें होतें. शिवाय आंचेनें तणाचें बीं जळतें, हा फायदा वेगळाच. म्हणजे शेतकरी धुरावाटे कांहीं नत्र घालवीत होता हें खरें. पण कोंवळ्या रोपास हवें तेव्हां हवें तेवढें नत्र तो मिळवूनही देत होता. मातींत एक जिवंत वस्ती आहे आणि ती हालविली कीं पीक बदलतें, ही गोष्ट राबाच्या निमित्तानें अशी पुढें आली. राबाची आंच त्या वस्तीस बाधक खरी, परंतु ती पडते रोपाच्या चिमुकल्या वाफ्यावर. जेथें पुढें वाल पेरावयाचा तें मोठें खाचर तिच्यापासून अलिप्त राहतें. आणि हें बरेंच आहे, असें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

भाजलेल्या मातीचा आणखी एक प्रयोग याच्या अर्धें शतक आधीं रॉथॅमस्टेड येथेंच झाला होता, आणि त्यानें साऱ्या जगाची वाट चुकविली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यानें १८३८ मध्यें असें मोजून दाखविलें होतें कीं, वाटाणा व क्लोव्हरसारखा शेंगावर्गीय चारा यांच्या अंगीं नत्राची जी भर पडते ती मातींतून आलेली नसून हवेंतून आलेली असावी; गव्हांत अशी भर पडत नाहीं. तेथेंच कोडें सुटावयाचें. परंतु १८५७-५८ मध्यें लॉज, गिल्बर्ट व प्यू या त्रयीनें तोच प्रयोग इतक्या काटेकोरपणें केला कीं त्यांतून सत्यच निसटलें. मातींत मूळचें नत्र अणुमात्र राहूं नये म्हणून त्यांनीं ती प्रखर आंचेवर भाजून घेतली, हवा धुऊन घेतली, रोपें कांचेच्या झांकणाखालीं वाढविलीं. शेंगावर्गीय रोपें इतरांसारखींच उपाशी राहिलीं. हवेंतील नत्र वनस्पतींस घेतां येत नाहीं, असा निर्णय झाला आणि तो पुढें सुमारें पंचवीस वर्षें टिकला. मोजमापांत चूक कोठेंच नव्हती. घाण म्हणून जें त्यांनीं जाळून टाकलें तेंच प्रश्नाचें उत्तर होतें.

मुळांवरील गांठी तोंवर कोणास दिसल्याच नव्हत्या असें नाहीं. इटलींतील माल्पिगी यानें १६७९ मध्येंच त्यांचीं चित्रें काढलीं आणि किडीमुळें उठणाऱ्या फोडांत त्यांची जमा केली. १८६६ मध्यें रशियन शास्त्रज्ञ व्होरोनिन यास त्यांच्या आंत जंतूंसारखे सूक्ष्म जीव आढळले. परंतु पाहणें वेगळें आणि उमगणें वेगळें.

ठाणें जिल्ह्यांत टहाळ्यांची चौकशी चालू असतांनाच, १८८६ च्या सप्टेंबरांत, बर्लिन येथें भरलेल्या शास्त्रज्ञांच्या संमेलनांत हेलरिगेल यानें आपला शोध मांडला. विल्फार्थ हा त्याचा सहकारी. त्यांचा प्रयोग इतका सोपा आहे कीं तो शाळेंतल्या मुलासही समजावा. धुतलेल्या वाळूंत त्यांनीं ओट व वाटाणा पेरला. जेवढें नत्र घालावें तेवढाच ओट वाढे, हिशेब चोख. वाटाण्याचा मात्र हिशेबच लागेना. नत्र मुळींच न घातलेल्या कुंड्यांपैकीं एका कुंडींतील रोप अन्नावांचून सुकत चाललेलें, तर तिच्या शेजारच्या कुंडींतील हिरवेंगार. हिरव्या रोपांच्या मुळांवर गांठी होत्या, सुकलेल्यांच्या नव्हत्या. मग त्यांनीं शेतांतील थोडी माती पाण्यांत कालवून तें पाणी सर्व कुंड्यांत घातलें. सारे वाटाणे तरारले. तेंच पाणी उकळून घातलें, तर कांहीं होईना. तेव्हां नत्र पकडणारा कोणी सजीव मातींत आहे व उकळल्यानें तो मरतो, हें सिद्ध झालें. १८८८ मध्यें हॉलंडांत बायरिंक यानें तो जंतु गांठींतून वेगळा काढून वाढविला, आणि १८८९ मध्यें जर्मनींत फ्रांक यानें त्यास रायझोबियम हें नांव दिलें.

या फ्रांकची हकीकत मोठी गमतीची आहे. ट्रफल नांवाचें एक भूछत्र युरोपांत जमिनीखालीं वाढतें. खवय्ये त्यावर जीव टाकतात व त्याची किंमतही तशीच असते. तें लागवडीस आणतां येईल काय, हें पाहण्याचें काम प्रशियाच्या शेतकी मंत्र्यानें फ्रांकवर सोंपविलें होतें. ट्रफल तर पिकलें नाहीं; पण रानांतील झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचें आवरण असतें, आणि तें असूनही झाड रोगी नसतें, उलट धडधाकट असतें, असें त्यास आढळून आलें. मूळ व बुरशी यांच्या या जोडीस त्यानें १८८५ मध्यें मायकोरायझा म्हटलें. म्हणजे जंतु आणि बुरशी या दोन्ही भागीदारांचें बारसें एकाच माणसानें चार वर्षांच्या अंतरानें केलें. तरी हे दोघे एकाच वालाच्या मुळांत शेजारी शेजारी नांदतात आणि एकाचें पोट दुसऱ्याच्या मिळकतीवर अवलंबून असतें, हें ध्यानांत येण्यास पुढें अर्धें शतक लोटावें लागलें.

हिंदुस्थानांत गांठींच्या जंतूंचा अभ्यास बिहारांतील पुसा येथें सुरू झाला. १९२० सालीं तेथून द्विदल धान्यांच्या मुळांवरील जंतूंविषयीं जो निबंध निघाला त्यावर एन. व्ही. जोशी हेंच नांव आहे. राबाच्या निबंधांत भेटलेलें नांव असें पुन्हां भेटतें. सर्व द्विदल धान्यांचा जंतु एकच नसतो, हें या अभ्यासांतून जगभर हळूहळू स्पष्ट होत गेलें. वाल, चवळी, तूर, मूग, उडीद व भुईमूग यांच्या जंतूंचें गोत्र साधारणपणें एक, हरभऱ्याचें निराळें, सोयाबीनचें आणखी निराळें. महाराष्ट्रांत पुढें सोयाबीन आलें तेव्हां त्याचा सोबती जंतु बियाण्यास चोळून द्यावा लागला. वालास मात्र त्याचा सोबती खाचरांत आयताच मिळे. भारतांत असें जंतुखत विक्रीसाठीं तयार करण्यास १९५६ मध्यें प्रारंभ झाला. त्याचा उपयोग आहे, पण तो सरसकट नाहीं. जेथें पिढ्यान्‌पिढ्या वाल पेरला जात आहे, तेथें पुडींतून आलेल्या नव्या जंतूस जुने रहिवासी सहसा थारा देत नाहींत.

बुरशीचा धागा इंदूरकडे वळतो. होळकरांच्या राजधानींत १९२४ पासून १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड हे शेतकी संशोधनाच्या संस्थेचे प्रमुख होते. तत्पूर्वीं अनेक वर्षें ते पुसा येथें होते. यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं पालापाचोळा, कडबा, शेण व मूत्र यांपासून कुजखत करण्याची जी पद्धत बसविली ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. दोघांच्या नांवावरील पुस्तक १९३१ मध्यें प्रसिद्ध झालें. खेदाची गोष्ट ही कीं, हॉवर्ड यांचें नांव सर्वांस ठाऊक आणि वाडांचें नांव त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहून गेलें. विलायतेस परत गेल्यावर हॉवर्ड यांचें लक्ष मुळांतील बुरशीकडे वेधलें. १९४० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असा पक्ष मांडला कीं, मातींतील कुजलेला अंश व पीक यांच्यामधील जिवंत पूल म्हणजे ही बुरशी. तीच पिकाचें आरोग्य राखते. येथें त्यांची उडी पुराव्याच्या पुढें गेली. बुरशी मुळांत विरघळून पिकास पौष्टिक अन्न पुरविते अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षांत तिची मुख्य देणगी निराळीच निघाली. तरी ज्या काळीं शेतकीशास्त्र केवळ पोत्यांतील खताच्या हिशेबांत गुंतलें होतें, त्या काळीं मुळाच्या आंत डोकावून पाहण्याचा आग्रह धरणारे ते थोड्यांपैकीं एक होते.

शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांत राहणारी बुरशी ट्रफलच्या जातीची नव्हे. ती मुळावर आवरण चढवीत नाहीं. मुळाच्या पेशींत शिरून झुडुपाच्या फांद्यांसारखे बारीक फांटे फोडते, म्हणून नुसत्या डोळ्यांस ती दिसत नाहीं. १९२४ मध्यें अमेरिकेंत जोन्स यानें शेंगावर्गीय पिकांच्या मुळांत तिचा वावर वर्णिला. १९४४ मध्यें, महायुद्धाच्या धामधुमींत, जपानांत असाई यानें पुढचें पाऊल टाकलें. जंतुरहित केलेल्या मातींत त्यास असें आढळलें कीं, मुळांत ही बुरशी नसेल तर द्विदल रोपें खुरटतात आणि त्यांच्या गांठीही धड वाढत नाहींत. येथें दोन्ही धाग्यांची गांठ पडली. जंतु हवेंतून नत्र आणतो हें खरें, पण त्याचे हात बुरशी बळकट करते.

तें कसें, हें थोडें सविस्तर पाहणें अवश्य आहे. हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्रच असतें. मात्र त्याचे अणु जोडीजोडीनें एकमेकांस इतके घट्ट चिकटलेले असतात कीं त्यांची फारकत करणें अत्यंत कष्टाचें. गांठींतील जंतु नायट्रोजिनेज नांवाच्या द्रव्याच्या साहाय्यानें हें काम करतो. त्यासाठीं सजीवांच्या व्यवहारांतील शक्तीचें जें नाणें, एटीपी नांवाचें, त्याचे निदान १६ रेणू नत्राच्या एकेका जोडीमागें खर्ची पडतात. या नाण्याच्या प्रत्येक रेणूंत स्फुरदाचे तीन अणु असतात. स्फुरद त्यांत नष्ट होत नाहीं, फिरत राहतें. पण फिरविण्यापुरतें भांडवल तर हवेंच. म्हणून नत्राच्या बाबतींत श्रीमंत असलेलें द्विदल पीक स्फुरदाच्या बाबतींत नेहमीं भुकेलेलें असतें. आणि स्फुरद मातींत जागचें हलत नाहीं. मुळाभोंवतीं एकदोन मिलिमीटरांतील स्फुरद संपलें कीं मूळ उपाशी. अशा वेळीं बुरशीचे तंतु, जे मुळांवरील केसांहूनही बारीक असतात, ते त्या रित्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन तेथील स्फुरद ओढून आणतात.

ठाणें-कल्याणच्या खाचरांत या सहकार्यास एक विशेष अर्थ आहे. येथील मातींत लोह मुबलक. पावसाळ्यांत पाणी तुंबलें कीं मातींतील प्राणवायु संपतो, लोहाचें रूप पालटतें आणि त्यानें धरून ठेवलेलें स्फुरद बरेंचसें मोकळें होतें. भातास तें सुखानें मिळतें. पाणी ओसरून माती वाळूं लागली कीं तेंच लोह पुन्हां गंजतें आणि स्फुरदास पूर्वींपेक्षांही घट्ट कवटाळतें. नेमका त्याच वेळीं वाल पेरला जातो. ज्या पिकास स्फुरदाची गरज सर्वांत अधिक, त्यासच तें सर्वांत कठीण अवस्थेंत गांठावें लागतें. बुरशीसाठीं चार महिन्यांचा पूर हाही संकटाचाच काळ, कारण तिला प्राणवायु लागतो. पण तिचीं बीजें मातींत तग धरून असतात, आणि पाणी ओसरल्यावर जिवंत मूळ भेटलें कीं तीं पुन्हां अंकुरतात. बाहेरून कांहीं न घालतां उठणारा वाल अशा रीतीनें दोन चाकरांच्या बळावर उठतो.

चाकर म्हटलें तरी ते बिनपगारी नव्हेत. वालाचें पान उन्हांत जी साखर तयार करतें तिच्यांतील चांगला वांटा या दोघांस द्यावा लागतो; एकट्या बुरशीचाच वांटा शेंकडा ४ ते २० असल्याचे अंदाज आहेत. त्यामुळें वनस्पति चाकरांच्या बाबतींत मोठी हिशेबी असते. जमिनींत युरिया भरपूर पडला तर ती गांठी करणेंच कमी करते, आणि सुपरफॉस्फेट विपुल मिळालें तर बुरशीस दाराबाहेर ठेवते. दोन्ही चाकर एकाच ताटावर जेवत असल्यानें ऊन अपुरें असेल तर त्यांच्यांत चढाओढही लागते. बाहेरून मुक्त हस्तें खत देणाऱ्या शेतकऱ्यास मग वर्षोंवर्ष तसेंच द्यावें लागतें, कारण घरच्या चाकरांची संवय मोडलेली असते.

आणखी एका गोड समजुतीस येथें मुरड घातली पाहिजे. वालानें जमीन सुपीक होते असें पुष्कळदां म्हटलें जातें. पण वालानें हवेंतून मिळविलेलें बरेंचसें नत्र शेंगांतील दाण्यांत जातें, म्हणजे तें बाजारांतून बिरड्याच्या पातेल्यांत येऊन पडतें. पाला व वेल गुरांपुढें जातो. जमिनीच्या वांट्यास उरतात तीं मुळें, गांठी व गळलेलीं पानें. वाल जमिनीस थोडें देतो व तिच्याकडून फार घेत नाहीं, एवढेंच न्यायानें म्हणतां येईल. भातामागून दुसरें एखादें तृणधान्य घेतलें तर जें नुकसान होईल तें तो टाळतो, हा त्याचा खरा उपकार.

जंतु व बुरशी यांचें नातें किती जुनें आहे, याचा उलगडा तर अगदी अलीकडे झाला. १९७९ मध्यें बंगलोर येथें बाग्यराज, मंजुनाथ व पाटील यांनीं शेतांत सोयाबीनवर दोघांचा एकत्र प्रयोग केला होता. त्या निबंधानें या विषयास भारतांत प्रतिष्ठा दिली. दहा वर्षांनीं, १९८९ मध्यें, फ्रान्समधील शास्त्रज्ञ वाटाण्याच्या कांहीं विकृत वाणांची पाहणी करीत होते. या वाणांच्या मुळांवर गांठी येत नसत, हें त्यांस ठाऊक होतें. आश्चर्य असें कीं, त्यांतील कित्येकांच्या मुळांत बुरशीही शिरूं शकेना. एकच बिघाड आणि दोन्ही दारें बंद! याचा अर्थ, वनस्पतीच्या घरांत या दोन पाहुण्यांसाठीं कुलूप एकच आहे. पुढें त्या कुलपाचे भाग असलेले गुणघटक एकामागून एक सांपडत गेले. बुरशीची मैत्री किमान ४० कोटि वर्षें जुनी. स्कॉटलंडांतील राइनी येथील खडकांत, जमिनीवर नुकत्याच आलेल्या वनस्पतींच्या अवशेषांत, तशाच फांटे फोडणाऱ्या बुरशीचे ठसे आढळतात. शेंगावर्गीय वनस्पति व त्यांच्या गांठी त्या मानानें फार अलीकडच्या. तेव्हां बुरशीसाठीं घडविलेलें कुलूप पुढें जंतूनेंही वापरलें, असा निष्कर्ष निघतो. अपवादही आहेत. युरोपांत होणारें ल्युपिन हें द्विदल पीक गांठी करतें, परंतु बुरशीस थारा देत नाहीं.

या दोन चाकरांची वस्ती कल्याण-डोंबिवलींत झपाट्यानें नाहींशी होत आहे. कल्याण व डोंबिवली मिळून १९८३ मध्यें महानगरपालिका झाली. खाडीकांठचीं व रेल्वेलगतचीं खाचरें मुरुमाच्या भरावाखालीं गेलीं आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. माणसांस घरें हवींत, याविषयीं वाद नाहीं. परंतु भरावाखालीं गाडलेल्या त्या मातींत काय होतें, याची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर कोठेंच नसते. जंतु यजमानावांचूनही मातींत वर्षानुवर्षें तग धरूं शकतो. बुरशीचें तसें नाहीं. जिवंत मुळावांचून ती वाढूंच शकत नाहीं, तिचीं बीजें कांहीं काळ वाट पाहतात आणि मग संपतात. मुरबाड व शहापूरकडे अद्याप भातामागून वाल पेरणारीं शेतें आहेत. बाजारांत येणारा गांवठी वाल तेथला असला तर तो या वस्तीचा शेवटचा पुरावा समजावा.

डोंबिवलींतल्या एखाद्या घरच्या गच्चींतही हेलरिगेलचा प्रयोग करून पाहतां येतो. दोन कुंड्या घ्याव्या. इमारतीच्या आवारांतील मुरुमाची माती तव्यावर चांगली भाजून, थंड करून दोहोंत भरावी. एकींत मुरबाडकडील वालाच्या शेतांतील ओंजळभर माती मिसळावी, दुसरींत मिसळूं नये. दोहोंत वालाचे चार चार दाणे पेरावे व बेताचें पाणी घालावें. पांच-सहा आठवड्यांनीं रोपें अलगद उपटून मुळें पाण्यांत धुतलीं म्हणजे काय तो फरक समोर येतो. बुरशी अर्थातच दिसणार नाहीं. त्यासाठीं मुळें क्षारांत उकळून निळ्या रंगांत बुडवावीं लागतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. गांठी मात्र डोळ्यांनीं दिसतात. त्यांतील एक गांठ धारदार पात्यानें आडवी कापावी. आंतून ती पांढरी दिसली तर जंतूचें काम अजून सुरू झालेलें नाहीं, हिरवट दिसली तर तें संपत आलें आहे. काम चालू असलेली गांठ आंतून लाल असते. माणसाच्या रक्तास लाल रंग देणाऱ्या द्रव्याचें एक भावंड, लेगहीमोग्लोबिन, तींत असतें. जपानांतील कुबो यानें १९३९ मध्यें तें ओळखलें. नत्र पकडणाऱ्या द्रव्यास प्राणवायु सोसत नाहीं आणि जंतूस तर श्वास घ्यावयाचा असतो, म्हणून हें लाल द्रव्य प्राणवायु मोजून मापून आंत सोडतें. कापलेल्या जागीं हवा लागली कीं तो लाल रंग थोड्याच वेळांत तपकिरी पडूं लागतो.